काळेश्वरमच्या पुष्करात पलीकडचा काठही मोजा : तेलंगणाच्या देवादाय (देवस्थान) मंत्र्यांना खुलं पत्र

नमस्कार मंत्रीमहोदय,

पत्र मराठीत आहे, रागावू नका. आम्ही गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंचातले, काळेश्वरमच्या पलीकडच्या काठावरचे, घरात तेलुगू बोलतो पण शाळा मराठी, त्यामुळे तेलुगू लिहायला बसलं की हात अडतो. ऑफिसात कोणीतरी वाचून दाखवेलच.

विषय काळेश्वरमचा. नाव घेतलं की हल्ली सगळ्यांना गोदावरीच्या पाणी उपशाचा प्रोजेक्टच आठवतो, त्यातलं मेडिगड्डा बॅरेज, ऑक्टोबर 2023 मध्ये खचलेले त्याचे पिलर, मग चौकशी. बॅरेजच्या पाण्यात जमिनी गेल्या म्हणून आमच्या तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी मोबदल्यासाठी आंदोलनं केली, पण ते तुमचं खातं नाही म्हणून इथे सोडतो. मी बोलतोय ते गावाबद्दल, ज्याचं नाव त्या प्रोजेक्टला दिलंय.

गाव छोटं, पण देऊळ असं की एकाच शाळुंकेवर दोन पिंडी, एक काळेश्वराची म्हणजे यमाची आणि दुसरी मुक्तेश्वराची, आणि पूजा आधी यमाची मग शिवाची, दुसरीकडे कुठे बघितलंय असं? मुक्तेश्वराच्या पिंडीला भोकं आहेत, कितीही पाणी ओता भरत नाही, ते जमिनीखालून संगमात जातं असं जुनी माणसं सांगतात, आणि आम्हाला कधी तपासून बघावंसं वाटलं नाही. श्रीशैलम, द्राक्षारामम आणि काळेश्वरम ही त्रिलिंग देशाची, म्हणजे तेलुगू मुलखाची, तीन लिंगं, हे तुम्हाला मी काय सांगणार.

संगमावर गोदावरीला आमच्या बाजूने प्राणहिता येऊन मिळते आणि सरस्वती गुप्त धरतात. मे 2025 मध्ये सरस्वती पुष्कर झालं, आता 2027 ला गोदावरीचं. पुष्कर म्हणजे नदीस्नानाचा सोहळा, दर नदीचा बारा वर्षांनी, बारा दिवस. त्या बारा दिवसांसाठी तंबू, तात्पुरते संडास, नळ, पोलीस सगळं उभं राहतं आणि नंतर उचललं जातं. पण माणूस काही पुष्कर बघून मरत नाही ना. अस्थी घेऊन, पिंडदानाला लोक वर्षभर येतात, गोदावरीवर पूल झाल्यापासून आमच्याकडून तर रोजचंच येणंजाणं, आणि उन्हाळ्यात पाणी आटलं की म्हाताऱ्या बायकांनी तापलेल्या वाळूतनं चालत जायचं, आंघोळ करून ओल्या लुगड्यात आडोसा शोधायचा.

म्हणून मागणी एवढीच की 2027 साठी जे बांधाल ते कायमचं बांधा. बायकांसाठी कपडे बदलायच्या पक्क्या खोल्या, संडास आणि ते धुणाऱ्या माणसाचा वर्षभराचा पगार (हे बजेटमध्ये कोणी धरत नाही, मग कुलूप लागतं), आणि पाणी कुठे खोल आहे ते सांगणारे बोर्ड, तेलुगूत आणि मराठीतही. पावसाळ्यात नदी चढते आणि बाहेरगावच्या माणसाला अंदाज येत नाही.

अजून एक. पुष्करच्या तयारीच्या मीटिंगला सिरोंचाच्या तहसीलदारांना आणि नगरपंचायतीला बोलवा. चंद्रपूर-गडचिरोलीकडची गर्दी आमच्या गावातून पुलावर येते, गाड्या इकडेच तुंबतात, आणि पूल तिकडून बंद केला तर माणसं रात्र आमच्या रस्त्यावर काढणार, त्यांच्या पाण्याची सोय कोणी करायची हे आत्ताच ठरवा.

आपला,
सिरोंचाचा एक भाविक