न्यायाधीशांचे कागदही जपा

महोदय,
इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढले. १९२६ मध्ये ते गेले, पाठोपाठ धुळ्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले आणि त्यांच्या कागदांना घर मिळाले. न्यायाधीशांच्या नशिबी हे सहसा येत नाही. निकाल छापले जातात. टिपणवह्या, पत्रव्यवहार मात्र वारसांच्या माळ्यावर आणि तिथून रद्दीत. न्या. रानडे, न्या. तेलंग यांनी मराठ्यांच्या इतिहासावरही लेखणी चालवली, हे आठवले की ही बेफिकिरी जास्तच खटकते. असे कागद अभिलेखागाराने मागून घ्यावेत. नुसते स्कॅन नकोत, सूची हवी. आणि कृपा करून मूळ गठ्ठ्यांचा क्रम मोडू नका! कोणता कागद कशाशेजारी होता, यावरूनच अभ्यासकाला निम्मे कळते.

– एक वाचक