छोट्याचं कॉलेज पाहून आले

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "कॉलेज कसं वाटलं?" आणि मी "चांगलं आहे" म्हणून मोकळी झाले. फोन ठेवल्यावर मलाच बरं वाटलं नाही. एवढा प्रवास तुम्हाला झेपणार नाही म्हणून तुम्ही मला छोट्याबरोबर त्याचं मेडिकल कॉलेज पाहायला पाठवलंत, ते दोन शब्द ऐकायला नक्कीच नाही. म्हणून हे पत्र. लांबेल जरा, सावकाश वाचा.

इमारतींचे फोटो त्याने पाठवलेच आहेत. प्रयोगशाळा उत्तम आहेत, ग्रंथालय रात्रभर उघडं असतं, रुग्णालय कॉलेजला लागूनच आहे. त्याविषयी मी काही लिहीत नाही. दोन दिवस मी तिथल्या मुलांकडेच बघत होते. कोण एकटं बसतं, कोण कोणाला हाक मारतं, रात्री दहा वाजता त्यांचे चेहरे कसे असतात. आपलं शेंडेफळ निदान पाच-सहा वर्षं ज्या दिवसांतून जाणार आहे ते दिवस मला पाहायचे होते. माझे ते दिवस मी तुम्हाला कधी नीट सांगितलेच नाहीत, हेही त्यामागे होतं.

पहिल्या वर्षाची मुलं सकाळी आठला सुरुवात करतात. मी मागच्या बाकावर बसले तर वर्ग अर्धाच भरलेला. बाकीचे कुठे आहेत विचारलं, तर खोलीवर. तासांची रेकॉर्डिंग मिळतात, ती दीडपट वेगाने पाहतात आणि वेळ वाचवतात. वेळ वाचतो हे खरं. पण अशा मुलाला दिवसभरात एकही माणूस न भेटता रात्र होऊ शकते. छोट्याचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, दार लावून घेतलं की तो हाक मारल्याशिवाय बाहेर येत नाही. त्याला मी तिथेच सांगितलं, तासांना बसायचं. तो हो म्हणाला. तुम्हीही अधूनमधून विचारत राहा.

दुपारी त्यांचे छोटे गट बसतात, आठ-आठ जणांचे. ते मला मनापासून आवडलं. समोर एक रुग्ण मांडतात, कागदावरचा: जिना चढताना दम लागतो, संध्याकाळी पाय सुजतात. मग मुलांनीच विचार करायचा की हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंडं, यांतलं कोण दमलंय आणि ते कसं ओळखायचं. शिक्षिका जवळजवळ गप्प असतात. ही पद्धत 1969 मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात सुरू झाली आणि तिथून जगभर गेली. माझ्या कॉलेजात ती नव्हती. एका मुलाने सरळ सांगितलं, "मला हे माहीत नाही." शिक्षिकेने विचारलं, "मग ते कळायला काय शोधावं लागेल?" एवढंच. कोणी हसलं नाही. बाबा, मी शिकत असताना हे वाक्य उच्चारायला घाबरायचे. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एकदा उत्तर आलं नाही, तर परीक्षकांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं की इथे कशाला आलीस. पुढचे कित्येक महिने मी वर्गात तोंड उघडलं नाही. "माहीत नाही" म्हणायला न शिकलेला डॉक्टर रुग्णाच्या खाटेशी घातक ठरतो, हे मी गेल्या पंधरा वर्षांत पुरेसं पाहिलंय.

आता डिसेक्शन हॉल, जिथे मृतदेह कापून शरीर शिकतात. आई, तुला याचीच काळजी आहे, मला माहीत आहे. तू तोंडाने विचारलं नाहीस, पण "त्याला ते सगळं बघवेल ना" एवढं म्हणालीस.

पहिल्या दिवशी कोणालाच बघवत नाही. देह टिकवायला वापरतात त्या फॉर्मालिनने डोळे चुरचुरतात, नाक भरून जातं आणि तो वास कितीही हात धुतले तरी बोटांना राहतो. माझ्या वेळी आम्हाला कोणी काही सांगितलं नव्हतं. दार उघडलं, टेबलं मांडलेली होती, सुरुवात करा म्हणाले. संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला आणि 206 हाडांची नावं पाठ करायची आहेत, मनगटातच 8 आहेत, असलं काहीतरी बोलत राहिले. त्या रात्री मी झोपले नव्हते. आमच्या टेबलावरच्या आजींच्या हाताकडे पाहून मला आपल्या आजीचा हात आठवला होता. हे मी आज पहिल्यांदा लिहितेय.

इथे वेगळं आहे. पहिल्या दिवशी चाकू हातात घ्यायचाच नाही. देहदान म्हणजे काय, या माणसाने जिवंतपणी स्वतः सही करून आपला देह तुमच्यासाठी ठेवलाय, हे आधी सांगतात. प्रत्येक टेबलावर दात्याचं वय आणि मृत्यूचं कारण लिहिलेलं असतं, नाव नाही. वर्षाच्या शेवटी मुलं दात्यांच्या घरच्यांना बोलावून कृतज्ञतेचा कार्यक्रम करतात. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने मला सांगितलं, दात्याच्या मुलाने तिचा हात हातात घेऊन विचारलं, "माझ्या वडिलांकडून काय शिकलात?" तिने हृदयाच्या झडपांविषयी सांगितलं आणि तो शांतपणे ऐकत राहिला. ती सांगत असताना छोट्या माझ्या शेजारी उभा होता. त्याने बराच वेळ काही विचारलं नाही, आणि त्याचं ते गप्प राहणंच मला आश्वासक वाटलं.

तिथे संगणकाच्या पडद्यावरचं शरीरही आहे, थर काढत काढत आत जाता येतं. उपयोगी आहे. पण हाताने शिकण्याला पर्याय नाही असं मला अजून वाटतं. पाचशे वर्षांपूर्वी युरोपात प्राध्यापक उंच खुर्चीत बसून जुन्या ग्रंथातून वाचायचे आणि खाली दुसराच कोणी देह कापायचा. व्हेसेलियस नावाचा शरीररचनेचा प्राध्यापक खुर्चीतून उतरला, स्वतःच्या हाताने कापू लागला, आणि ग्रंथात लिहिलेलं व डोळ्यांना दिसणारं जुळत नाही हे त्याने 1543 मध्ये छापून सांगितलं. शरीराची रचना माणसामाणसात थोडी बदलते. शेजारच्या टेबलावर धमनी वेगळ्याच जागेवरून फुटलेली सापडते, तेव्हा ते कायमचं कळतं.

आता जे लिहायला मला सगळ्यांत जड जातंय ते.

दुसऱ्या वर्षी मी पॅथॉलॉजीत, म्हणजे आजारांनी शरीरात काय बदलतं त्या विषयात, नापास झाले होते. तुम्हाला सांगितलं नाही. पुन्हा परीक्षा दिली, पास झाले, निकालाच्या कागदावर त्याची खूण उरली नाही. पण मधले तीन महिने मी खोलीतून फारशी बाहेर पडत नव्हते. फोनवर "मी मजेत" म्हणायचे, ठेवला की तासभर भिंतीकडे बघत बसायचे. आई, तू एकदा म्हणालीस, "आवाज बसलाय का गं?" मी सर्दी म्हणाले. ती सर्दी नव्हती. तुम्ही दोघं तिकडे माझं कौतुक सांगत होतात आणि मला वाटायचं, कळलं तर तुमचं काय होईल. आज वाटतं, सांगितलं असतं तर तुम्ही आला असतात, शेजारी बसला असतात, आणि तेवढंच हवं होतं.

मी एकटी नव्हते, हे मला फार उशिरा कळलं. 2016 मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा आढावा आला. चाळीसहून जास्त देशांतल्या लाखावर वैद्यकीय विद्यार्थ्यांची माहिती त्यात एकत्र केली होती. त्यांतल्या सुमारे 27 टक्के मुलांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणं होती, आणि अशा मुलांपैकी उपचार घेतलेली जेमतेम 16 टक्के. म्हणजे चारांत एकाहून जास्त, आणि त्यातले बहुतेक गप्प. हुशार मुलं लपवण्यातही हुशार असतात.

म्हणून तिथे मी सगळ्यांत जास्त वेळ यावरच विचारपूस केली. समुपदेशनाचं केंद्र वेगळ्या इमारतीत आहे, तिथली नोंद शिक्षकांच्या हाती जात नाही. पण नियम कागदावर सगळीकडेच असतात. मला धीर आला तो तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाच्या बोलण्याने. चार मित्रांच्या देखत तो सहज म्हणाला, "मी गेल्या वर्षी सहा महिने जात होतो, गरज पडली तर पुन्हा जाईन." मित्रांपैकी कोणी नजर चुकवली नाही. त्या क्षणी मी मनाशी ठरवलं, कॉलेज हेच.

आणखी एक गोष्ट, बाबा, तुम्हाला कदाचित पटणार नाही. पहिली दोन वर्षं तिथे गुण देत नाहीत, उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढंच. तुम्ही म्हणाल, मग मुलं अभ्यास कशाला करतील? व्हर्जिनिया विद्यापीठाने हा बदल करून पाहिला आणि 2009 मध्ये त्याचा निष्कर्ष मांडला: मुलांची मनःस्थिती सुधारली, परीक्षेतली कामगिरी घसरली नाही. त्यामुळे नोट्स लपवणं कमी होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. रात्री ग्रंथालयात एक मुलगी फळ्यावर मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचं जाळं काढत होती आणि सहा जण तिला प्रश्न विचारत होते. ते जाळं पाठ करताना मी एकटीने रडकुंडीला आले होते.

पुढची वर्षं रुग्णालयातली. त्यांविषयी आत्ता थोडंच लिहिते, कारण ती छोट्याने स्वतः तुम्हाला सांगावीत. तास लांब असतात. शस्त्रक्रियेत जखम उघडी धरून तासन्‌तास उभं राहायचं, पाय बधिर होतात आणि आतलं दिसतही नाही. राउंडला, म्हणजे डॉक्टर खाटेखाटेवर रुग्ण पाहत फिरतात तेव्हा, सगळ्यांत शेवटी उभं राहायचं आणि पहिला प्रश्न आपल्यालाच येतो. पण विद्यार्थ्याकडे एक गोष्ट असते जी पुढे आम्हा कोणाकडे उरत नाही, ती म्हणजे वेळ. रुग्ण डॉक्टरांना पोटदुखी सांगतात, आणि ते गेल्यावर खाटेशी बसलेल्या विद्यार्थ्याला सांगतात की औषध महिनाभर घेतलेलंच नाही. मला तसं एका आजोबांनी सांगितलं होतं. मी वरिष्ठांना सांगितलं आणि आजोबांची पुढची सगळी तपासणी टळली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आपण इथे उपयोगाचे आहोत.

मृत्यूही दिसेल. पहिला मृत्यू विसरत नाही. त्याने त्या दिवशी फोन केला तर समजूत घालू नका, नुसतं ऐका.

आई, संसर्गाची भीती तू बोलून दाखवलीस, त्याचं उत्तर सोपं आहे. हेपटायटिस बी लशीचे डोस पूर्ण असल्याशिवाय वॉर्डात पाठवत नाहीत, आणि लस लागू पडली का हे रक्त तपासून पाहतात. सुई टोचली तर लगेच धुवायचं आणि त्याच वेळी कळवायचं, लाजून लपवायचं नाही, हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. आणि हात धुणं. 1847 मध्ये व्हिएन्नात झेमेलवाइस या डॉक्टरांनी शवविच्छेदन करून थेट प्रसूतीच्या वॉर्डात जाणाऱ्या विद्यार्थ्यांना क्लोरीनच्या द्रावणात हात धुवायला लावलं. एप्रिलमध्ये बाळंतिणींचे मृत्यू 18 टक्क्यांवर होते, जूनमध्ये सुमारे 2 टक्के झाले. ज्यांच्या हातून ते मरण जात होतं ते विद्यार्थी आणि डॉक्टरच होते, आणि त्यांना ते माहीतही नव्हतं. म्हणून छोट्या घरी आल्यावर सारखे हात धुताना दिसला तर त्याला हसू नका.

फोनवर काय बोलावं, हेही सांगते. "अभ्यास कसा चाललाय" विचारलंत की तो "ठीक" म्हणेल, जसं मी म्हणायचे. "आज कोणाबरोबर जेवलास?" हे विचारा. तीन-चार दिवस सलग "एकटाच" असं उत्तर आलं तर मला कळवा. झोप किती झाली ते विचारा. मध्येच कधीतरी त्याला वाटू लागेल की आपल्यालाच तो आजार झालाय जो सध्या शिकवतायत. साधं डोकं दुखलं तरी तो मेंदूच्या गाठीपर्यंत पोचेल. हे बहुतेक विद्यार्थ्यांना होतं, ओसरतं. बाबांच्या पाठीवरच्या तिळाबद्दल मी मध्यरात्री फोन केला होता, आठवतंय?

पहिल्या सुट्टीत तो येईल तेव्हा त्याच्या गळ्यात नवा स्टेथोस्कोप असेल आणि त्याला रक्तदाब मोजायला माणूस हवा असेल. दंडाला पट्टा बांधायचा, फुगवायचा, मग हळूहळू हवा सोडत कोपराच्या खोबणीत स्टेथोस्कोप लावून ऐकायचं. टकटक सुरू झाली तो वरचा आकडा, थांबली तो खालचा. कोरोत्कोव्ह नावाच्या रशियन शल्यविशारदाने 1905 मध्ये सांगितलेली ही रीत आहे. सुरुवातीला काहीच ऐकू येत नाही. तो पुन्हा फुगवेल, पुन्हा सोडेल. मध्ये दोनेक मिनिटं दंडाला विश्रांती द्यायला सांगा, पण बाबा, हात मागे घेऊ नका. आई, तूही बस त्याच्यासमोर. आकडा चुकला तर त्याला लगेच सांगू नका, तो कागदावर लिहील तो तसाच ठेवा. मी पुढच्या आठवड्यात येऊन पुन्हा मोजेन.

तुमची
थोरली