मिरजेच्या लॅबमधल्या मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. आप्पांच्या मोठ्या आतड्याचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनचे आणि किमो देणाऱ्या डॉक्टरांचे आभार पेढे देऊन मानले. तुमचे मात्र राहूनच गेले. रिपोर्ट हातात पडला की लॅबमधलं माणूस कुणाला आठवतं?

ऑपरेशनआधी आप्पांचा सीईए, म्हणजे कॅन्सरवर नजर ठेवायला रक्तात तपासतात तो आकडा, 18 होता. मुळातच 5 च्या वर असला तर आजार उलटण्याची धास्ती जरा जास्त, म्हणून नियमाने तपासत राहा, असं सर्जन म्हणाले होते. ऑपरेशननंतर आकडा 2.4 वर आला आणि घर मोकळा श्वास घेऊ लागलं. मग आप्पा पुण्याला धाकट्याकडे गेले असताना तिथल्या लॅबमध्ये तपासणी केली, तर 5.8! रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर फिरला, काकूंनी नवस बोलून टाकला, आणि आम्ही तो कागद घेऊन तुमच्यासमोर उभे.

तुम्ही दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवलेत आणि तळाशी बारीक अक्षरात छापलेल्या पद्धतीच्या नावावर पेन टेकवलंत. "यंत्र वेगळं, किट वेगळं. हे दोन आकडे एका रांगेत धरू नका." मग थेट आप्पांना विचारलंत, "बिडी सुटली का?" आप्पा पंख्याकडे बघायला लागले. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा सीईए थोडा चढाच असतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. (आईला बाकीचं सगळं कळलं.)

पण "काही नाही होत" असं तुम्ही म्हणाला नाहीत, याचं मला जास्त मोल वाटतं. महिन्याने इथेच या, आकडा पुन्हा चढला तर डॉक्टर सीटी स्कॅन सांगतील, आणि नॉर्मल आला तरी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतड्याची तपासणी, चुकवू नका, कारण सीईए न वाढताही आजार परत येऊ शकतो, असं स्पष्ट सांगितलंत. महिन्याने आकडा 3.1 आला.

मावशीच्या वेळीही तेच. स्वादुपिंडाचा कॅन्सर, अंगभर कावीळ, आणि सीए 19-9, म्हणजे सीईएसारखाच रक्तातला दुसरा आकडा, हजाराच्या पुढे. पित्तनलिका तुंबली की हा आकडा नुसत्या काविळीनेही फुगतो. नलिकेत स्टेंट (छोटी नळी) बसून बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं प्रमाण, उतरू दे, मग खरा आकडा धरा, असं तुम्ही म्हणालात. काहींच्या शरीरात तर तो जन्मतःच तयार होत नाही, त्यांचा कमी आकडा बघून निर्धास्त राहता येत नाही, हेही तुमच्याकडूनच समजलं. कावीळ उतरल्यावर मावशीचा आकडा बराच खाली आला, पण 37 या नॉर्मलच्या हद्दीच्या आसपाससुद्धा नाही. "हे चांगलं लक्षण नाही, डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला," हे तुम्ही मावसभावाला बाजूला घेऊन सांगितलंत. मावशी आता नाही. पण भावाने पुढचं सगळं डोळे उघडे ठेवून ठरवलं, नोकरीतून रजा काढून शेवटचे महिने तिच्याजवळ काढले. तुम्ही गुळमुळीत बोलला असतात तर ते झालं नसतं.

एक विनंती. तपासणी दर वेळी एकाच लॅबमध्ये करा, ही ओळ रिपोर्टवर ठळक मराठीत छापता आली तर बघा. आप्पांची पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. पेढे तेव्हा आणतो, नाही म्हणू नका.

तुमचा,
आप्पांचा थोरला