जुने गोवे तासाभरात उरकू नका

महोदय,

पणजीहून दहा किलोमीटरवरच्या जुन्या गोव्यात बहुतेक सहली बाँ जेझूस चर्च आणि समोरचे से कॅथेड्रल उरकून परततात. पश्चिमेच्या टेकडीवरचा सेंट ऑगस्टिनचा 46 मीटरचा भग्न मनोरा अन् जवळचे रोझरी चर्च राहूनच जाते. खरे तर उन्हाआधी सुरुवात तिथूनच करावी. रविवारी सकाळी प्रार्थना असतात, तेव्हा पर्यटकांनी दुपारी यावे. खांदे, गुडघे झाकलेले हवेत. सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताला (सणाला), 3 डिसेंबरला, निवांत पाहणे अशक्यच.

बाँ जेझूसचा तांबडा रंग मूळचा नव्हे! गेल्या शतकाच्या मध्यास गिलावा काढल्याने जांभा उघडा पडला. हा सच्छिद्र दगड दर पावसाळ्यात पाणी पितो, झिजतो. पुन्हा चुन्याचा गिलावा करण्याचा निर्णय आता लांबवू नये.

– एक वाचक, फोंडा