चार प्रयोगांत उतरलेलं नाटक

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतला अमेरिकन नाटककार आर्थर मिलरवरचा लेख वाचला. लेखाची गाडी १९४७च्या ‘ऑल माय सन्स’पासून सुटली ती थेट ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ला थांबली. ‘ऑल माय सन्स’च्याही आधीचं, ब्रॉडवेवरचं (न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरचं) मिलरचं पहिलं नाटक, ‘द मॅन हू हॅड ऑल द लक’, मात्र गळलं. २३ नोव्हेंबर १९४४ला ते लागलं आणि चार प्रयोगांत उतरलं, हे खरं. म्हणून त्याचं नावसुद्धा घेऊ नये?

मी पडलो गॅरेजवाला, त्यामुळे मला हे नाटक जरा जास्तच लागतं. डेव्हिड बीव्हज हा अमेरिकेतल्या लहान गावातला, कुठेही न शिकलेला मेकॅनिक. एक मार्मन गाडी येते, दोष काही केल्या सापडत नाही. रात्री ऑस्ट्रियाहून आलेला गुस्ताव येतो आणि डेव्हिड झोपेत असताना गाडी दुरुस्त करतो. सकाळी शाबासकी डेव्हिडला! पुढे गुस्तावचं स्वतःचं गॅरेज चालत नाही आणि तो डेव्हिडकडेच कामाला लागतो.

ऐन ऊस हंगामात माझ्याकडे एक ट्रॅक्टर तीन दिवस अडला होता. सुरू व्हायचा, थोडा चालायचा, बंद पडायचा. मी पंप खोलला, नोझल बदलले. शेवटी रात्री आमच्या मिस्त्रींनी डिझेलच्या पाइपवरून नुसतं बोट फिरवलं. केसाएवढी चीर होती, तिथून हवा घेत होता. सकाळी गिऱ्हाइकाने पेढे आणले ते माझ्या हातात दिले. मी खाल्ले. मिस्त्री टायर धूत होते, काही बोलले नाहीत.

डेव्हिडचा भाऊ एमॉस याची गोष्ट तर काळजात घुसते. बापाने त्याला हिवाळाभर तळघरात चेंडू फेकायला लावून पिचर, म्हणजे बेसबॉलमधला चेंडू टाकणारा, केलेला. पण डेट्रॉइट टायगर्स या बेसबॉल संघाचा माणूस पाहायला येतो आणि नकार देतो. कारण तळघरात पाठीमागे धावणारे खेळाडू नसतात, त्यांच्यावर नजर ठेवायची असते हे पोराला माहीतच नाही. म्हणजे कष्टात कसूर नव्हती, तरी गेलं. इकडे डेव्हिडचं सगळं सरळ होतं, म्हणून तो धास्तावतो. आपल्यावर काहीतरी कोसळणारच, बहुधा मूलच दगावेल, असं धरून बसतो. मूल सुखरूप जन्मतं, तर याला आनंदच होत नाही. पुढे विषारी खाद्यातून त्याने पाळलेले मिंक (फरसाठी पाळतात ते मुंगसासारखे प्राणी) वाचतात, ते मात्र त्याने स्वतः मासे निवडून घातले म्हणून. ते यश आपलं आहे हे त्याला पटवताना बायकोच्या नाकी नऊ येतात.

शेवट थोडा ओढूनताणून आहे, कबूल. तरी राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या एखाद्या हौशी संस्थेने याचं रूपांतर जरूर बसवावं. रंगमंचावर गाडीचा सांगाडा लागेल, तो मी देतो, भाडं नको. दोन पास मात्र हवेत, पुढच्या रांगेतले. मिस्त्रींना आता लांबचं नीट दिसत नाही.

आपला,
एक गॅरेजवाला, मिरज