बुंदीच्या डॉक्टरांना आभाराचे खुले पत्र

आदरणीय डॉक्टर,

सादर नमस्कार.

कोळी चावल्याने पाळीव कुत्र्याच्या जिवाला खरोखर धोका असतो का, या माझ्या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर देऊन आपण आमची बोळवण केली नाही, याबद्दल मी आपली मनापासून आभारी आहे. कोळी कोणता, तो कोणत्या प्रदेशातला आणि चावला कोणाला, हे कळल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, ही गोष्ट आपण शांतपणे आणि माझ्या आईला कळावी म्हणून मराठीतून समजावून सांगितलीत. सिडनीत कुत्रा पाळणाऱ्या इतर मराठी घरांनाही ती कळावी, यासाठी हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

आमच्या बुंदी या कुत्रीला अंगणात फनेल-वेब हा अतिविषारी कोळी चावला, तेव्हा आम्हा सगळ्यांचे हातपाय गळाले होते. उन्हाळ्यात आणि त्यापुढच्या काही महिन्यांत, विशेषतः पाऊस पडून गेल्यावर, या कोळ्याचे नर मादीच्या शोधात बिळाबाहेर पडतात आणि नराचे विष मादीच्या विषापेक्षा कितीतरी जहाल असते, एवढे आम्ही ऐकून होतो. १९८१ मध्ये संशोधक स्ट्रुअन सदरलँड यांच्या चमूने मेलबर्नमध्ये तयार केलेले, या विषावरचे प्रतिविष वापरात आले. त्यापूर्वी या कोळ्याच्या दंशाने १३ माणसे दगावल्याची नोंद आहे. जे विष धडधाकट माणसाचा जीव घेते, त्यापुढे एवढीशी बुंदी कशी टिकणार, हीच आमची धास्ती होती.

त्यावर आपण जे सांगितलेत ते आम्हाला पूर्णपणे नवे होते. या विषातला मुख्य घटक मज्जातंतूंमधले सोडियमचे मार्ग मिटू देत नाही, त्यामुळे नसा अखंड उद्दीपित राहतात. माणसाला आणि माकडाला हा मारा सोसत नाही, परंतु कुत्रा, मांजर आणि ससा यांच्या रक्तात हे विष निष्प्रभ करणारे घटक मुळातच असतात. म्हणून फनेल-वेब चावलेला कुत्रा थोडा काळ लाळ गाळतो, अस्वस्थ होतो आणि बहुधा सावरतो. माणसांसाठीचे प्रतिविषही सशांपासूनच बनवले जाते, हे ऐकून आईला पहिल्यांदा धीर आला. एवढी खात्री असूनही आपण बुंदीला लगेच घरी पाठवले नाही. तिचा श्वास आणि नाडी तपासत तिला आपल्या नजरेखाली ठेवले आणि गरज नसलेले एकही इंजेक्शन दिले नाही. हा संयम मला औषधोपचाराइतकाच मोलाचा वाटतो.

इतर कोळ्यांविषयीही आपण आमची समजूत नीट केलीत. रेडबॅक या विषारी कोळ्याच्या दंशाने कुत्र्याला तीव्र वेदना होतात आणि स्नायू थरथरतात, त्यामुळे पिल्लू किंवा लहान चणीचा कुत्रा असेल तर दवाखाना गाठायलाच हवा. पांढऱ्या शेपटीच्या कोळ्यामुळे कातडी सडते अशी इथे घरोघरी समजूत आहे. मात्र २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत माणसांना झालेल्या १३० खात्रीशीर दंशांपैकी एकातही तशी जखम आढळली नव्हती. याउलट क्वीन्सलँडमधले मोठे, केसाळ टॅरँटुला माणसाला चावले तर बहुधा वेदनेपलीकडे फारसे काही होत नाही, पण त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात नोंदलेले सातही कुत्रे त्या दंशाने मेले, काही तर दोन तासांच्या आत. त्यांतल्या दोन घटनांत कुत्र्यापाठोपाठ मालकालाही तोच कोळी चावला होता. माणसाला भिववणारा कोळी कुत्र्याला सोडतो आणि माणसाला सोडणारा कुत्र्याला मारतो, हे कळल्यावर भीती नेमकी कशाची बाळगायची, याचा आमचा सगळा हिशेबच बदलला.

सर्वांत मोठे ऋण मात्र वेगळेच आहे. आम्ही निघता निघता आपण बुंदीचे कान उलटून पाहिलेत, मानेच्या केसांतून बोटे फिरवलीत आणि म्हणालात की इथल्या पूर्व किनाऱ्यावर कुत्र्याचा खरा शत्रू कोळी नसून त्याचा आठ पायांचा भाऊबंद, म्हणजे पक्षाघात घडवणारी गोचीड आहे. महाराष्ट्रात आम्ही गोचिडी पाहिल्या होत्या, त्यांच्यामुळे येणारा ताप माहीत होता. पण एकच गोचीड आपल्या लाळेतल्या विषाने कुत्र्याचे मागचे पाय, मग पुढचे पाय आणि शेवटी श्वास बंद पाडू शकते, याची आम्हाला कल्पना नव्हती. ती चिकटल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा तीन किंवा अधिक दिवस जातात, म्हणूनच रोज अंग चाचपण्याला इतके महत्त्व. भुंकण्याचा आवाज बदलला, उमासे येऊ लागले किंवा चाल डळमळली, तर गिळताना ठसका लागण्याचा धोका असल्याने अन्नपाणी बाजूला ठेवून थेट दवाखान्यात आणा, असे आपण आईला दोनदा सांगितलेत. तिनेही ते मनावर घेतले.

पुढे वसंत ऋतूत, रोजच्याप्रमाणे बुंदीचे अंग चाचपताना, आईच्याच बोटांना तिच्या कानामागे वाटाण्याएवढी गाठ लागली. ती गोचीड होती. बुंदीची चाल तोवर ठीक होती. आपण गोचीड काढलीत, तिला निरीक्षणाखाली ठेवलेत आणि प्रतिबंधक गोळ्यांचे वेळापत्रक लिहून दिलेत. आपण शिकवले नसते तर ती गाठ आणखी काही दिवस तशीच राहिली असती, आणि मग काय झाले असते, याचा विचारही करवत नाही.

आपली एक विनंती मी येथे आवर्जून पोहोचवते: कोळी चावल्याचा संशय आला तर त्याला पकडायला जाऊ नये, दुरून फोटो काढावा, आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला कदापि देऊ नयेत.

येत्या हंगामाआधी आमच्या भागातल्या श्वानपालकांना अंग कसे चाचपावे हे आपण प्रत्यक्ष दाखवलेत, तर जागेची आणि माणसे जमवण्याची जबाबदारी मी आनंदाने घेईन. आपल्या सोयीची तारीख कळवावी.

आपली कृतज्ञ,
बुंदीची पालक
सिडनी