गाणारी अभिनेत्री सेटवर असताना उसना आवाज कशाला?

महोदय,

गाणाऱ्या घरातून मालिकांत आलेल्या अभिनेत्रींवर आपल्या पुरवणीत अधूनमधून लेख येतात. घरात सूर होते, गळा आईकडून आला, एवढ्यावर बहुतेक लेख आटोपतात. तयार गळा हाताशी असताना मालिका तो वापरत का नाहीत, हे मात्र कुणी विचारत नाही.

स्वानंदी टिकेकर यांचंच पाहा. वडील अभिनेते उदय टिकेकर, आई शास्त्रीय गायिका आरती अंकलीकर-टिकेकर. आईंची तालीम पं. वसंतराव कुलकर्णी, किशोरीताई आमोणकर आणि पं. दिनकर कायकिणी यांच्याकडची. स्वानंदी घराघरांत पोचल्या त्या 2015 मध्ये, ‘दिल दोस्ती दुनियादारी’तल्या मीनलमुळे. त्या गातात हे सर्वसामान्य प्रेक्षकाला नीट कळायला मात्र ‘सिंगिंग स्टार’ हा कलाकारांच्या गाण्याचा कार्यक्रम यावा लागला. पुढे ‘इंडियन आयडल मराठी’त त्या दिसल्या, पण सूत्रसंचालक म्हणून! आणि आरतीताईंचा गळा श्याम बेनेगलांच्या ‘सरदारी बेगम’मध्ये (1996) किरण खेर यांच्या भूमिकेला मिळाला होता. तिथे ते रास्तच होतं. सरदारीची ठुमरी गायला मुरलेली गायिकाच हवी. मालिकेत मात्र बहुधा भजन, अंगाई किंवा मंगळागौरीचं गाणं असतं, आणि ते गाऊ शकणारी बाई कॅमेऱ्यासमोरच उभी असते.

गायिका माणिक वर्मांच्या घरात मुलींमध्ये कामाची वाटणी सरळ झाली होती. राणी वर्मा गाण्यात, भारती आचरेकर आणि वंदना गुप्ते अभिनयात. ‘वागले की दुनिया’ने (1988) भारतीताई देशभर पोचल्या, पण राधिका वागलेची ओळख काही गाण्यामुळे नव्हती. तरी ‘द लंचबॉक्स’ (2013) कान देऊन ऐकावा. त्यातल्या देशपांडे आंटी पडद्यावर दिसतच नाहीत, वरच्या मजल्यावरून नुसता आवाज येतो. हाक कुठून उचलायची, वाक्य कुठे सोडायचं, थांबायचं किती, याचा त्यातला हिशेब आम्हाला तरी गाण्याच्या घरातलाच वाटतो.

आता मालिकांचं बोलू. संवाद जागेवरच ध्वनिमुद्रित होतात, गाण्याला मात्र आधी केलेला ट्रॅक लागतो. हा नुसता आळस नाही. एकाच प्रसंगाचे चार-पाच कोनांतून शॉट घेतात. अभिनेत्री आधाराशिवाय गायली तर दुसऱ्या टेकला लय सरकते आणि सूरही किंचित उतरतो. दोन शॉट जोडताना सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, जुळत नाही, आणि भाग तर लगेच वाहिनीकडे द्यायचा असतो. मग संगीतकार आपल्या नेहमीच्या गायिकेला बोलावतो आणि ती तिच्या पट्टीत, म्हणजे तिला सोयीच्या मूळ सुरात, गाऊन जाते.

बिघडतं ते इथे. पात्र घोगऱ्या, खालच्या आवाजात बोलत असतं आणि गाणं सुरू होताच काळी पाचमधला (पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीतला) चकचकीत स्टुडिओतला आवाज येतो. ओठ हलतात, पण लांब ओळीआधी श्वास भरलेला दिसत नाही आणि गळ्यावर ताणही नसतो. मांडीवर तंबोरा असलाच तर पंचमाची तार मधल्या बोटाने आणि उरलेल्या तीन तर्जनीने छेडायच्या, हे सांगायला सेटवर कुणी नसतं. चारही तारांवरून हात नुसता फिरत राहतो.

उपाय महागडा नाही. दोन दिवस आधी अभिनेत्रीची पट्टी विचारावी, काळी चार की पाच हे एका फोनवर कळतं. त्या पट्टीतला तंबोरा आणि ठरलेल्या लयीतला ठेका, एवढाच ट्रॅक करावा. मुखडा आणि एक अंतरा पुरतो, मालिकेत त्याहून जास्त क्वचितच लागतं. सेटवर हा ट्रॅक केसांआड लपणाऱ्या इअरपीसमधून तिच्या कानात द्यावा. लय आणि सूर दोन्ही बांधले जातात, आणि माइकवर फक्त तिचा गळा येतो. पदराखालचा लेपल माइक गाण्याला वापरू नये. कापड घासल्याची खरखर येते, शिवाय त्याची पातळी बोलण्यासाठी लावलेली असल्याने तार सप्तकात आवाज फाटतो. चौकटीत येणार नाही इतक्याच उंचीवर बूम, म्हणजे लांब दांडीवरचा माइक, धरावा आणि पंखे, एसी बंद ठेवावेत. क्लोजअप असा जिवंत घ्यावा आणि त्यातला उत्तम टेक निवडून दूरच्या शॉटना तोच वाजवावा. संकलकाला सगळीकडे एकच ध्वनी मिळतो आणि समेचं भांडण मिटतं.

हा प्रसंग दिवसाच्या सुरुवातीला लावावा, मात्र उठल्या उठल्या नको, गळा उघडायला थोडा वेळ द्यावा. भांडणाच्या किंवा रडण्याच्या प्रसंगानंतर तर कधीच लावू नये. बारा-बारा तासांच्या पाळीत गळ्याची जी दशा होते ती गाण्यापेक्षा ओरडण्याने होते. स्वरतंतू सुजतात, वरचे सूर आधी जातात. दोन शॉटच्या मध्ये कुजबुजत बोलणं म्हणजे आराम, हाही गैरसमजच. कुजबुजीनेही गळ्यावर ताण येऊ शकतो. त्यापेक्षा गप्प बसावं. धुराचं यंत्र आणि एसीची कोरडी हवा यांची भर असतेच. रात्री उशिरा जेवून लगेच आडवं झालं की आम्ल घशाशी येतं आणि सकाळी आवाज बसलेला असतो. ज्येष्ठमध चघळल्याने घसा ओला राहतो, तंतूंची सूज त्याने उतरत नाही. अर्ध्या ग्लास पाण्यात स्ट्रॉचं टोक दोन-तीन सेंटिमीटर बुडवून हुंकार देत बुडबुडे काढावेत. पाच मिनिटांचा हा व्यायाम मेकअप रूममध्येही जमतो आणि थकलेल्या गळ्याला मोकळं करतो. घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांपुढे टिकला तर घरगुती उपाय थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतू तपासून घ्यावेत.

राहता राहिला कागद. अभिनेत्रीचा करार बहुधा अभिनयाचा असतो आणि गाणं ‘तेवढं म्हणून टाका ना’ या सदरात जातं. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने गाणाऱ्यालाही हक्क दिले आहेत. कलम 38अ नुसार सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरावर स्वामित्वधनाचा वाटा, कलम 38ब नुसार नाव दिलं जाण्याचा हक्क. कायद्याच्या लेखी मालिकेचा भाग हाही चलचित्रपटच. त्यात ज्याचं सादरीकरण प्रासंगिक आहे आणि श्रेयनामावलीत नावही नाही, त्याला बहुतेक हक्कांसाठी ‘सादरकर्ता’ मानलंच जात नाही. म्हणून गायनाचा वेगळा, लेखी करार करावा. त्यात गाण्याचं नाव, श्रेयनामावलीत ‘स्वर’ म्हणून उल्लेख, आणि तेच गाणं इंटरनेटवर स्वतंत्रपणे टाकल्यास तिथेही नाव, हे तिन्ही मुद्दे लिहून घ्यावेत. चित्रीकरण झाल्यावर ते मागायला गेलं तर मिळत नाहीत.

आपल्या पुरवणीत मालिकांची ओळख छापताना कलाकार, लेखक, दिग्दर्शक यांची नावं असतात. त्यांखाली शीर्षकगीताच्या आणि मालिकेतल्या गाण्यांच्या गायिकेचं नाव द्यायला एक ओळ लागेल. ती आपण सुरू करावी, ही विनंती.

आपले,
मुंबई-पुण्यातील काही संगीतशिक्षक व ध्वनिमुद्रक